रविवार चुकला की गाडी बंद: एका बॅटरीचं प्रकरण

सोमवारी सकाळी पावणेसातला ताईचा फोन आला. "गाडी परत टकटक करतेय रे." किल्ली फिरवली की डॅशबोर्डचे दिवे मंदावायचे, बॉनेटखालून टक-टक-टक असा आवाज यायचा आणि सेल्फ काही फिरायचा नाही. बॅटरी जेमतेम तीन महिन्यांची. त्याआधीची, गाडीबरोबर आलेली, साडेचार वर्षं चालून अशीच एका सकाळी बसली होती आणि ताईनं त्याच दिवशी नवी टाकून घेतली होती. "साडेचार वर्षं म्हणजे तिचं आयुष्य झालंच होतं," असं तेव्हा सगळेच म्हणाले, मीही म्हणालो. जुनी का बसली हे कुणी विचारलं नाही, आणि हे सगळं प्रकरण त्या न विचारलेल्या प्रश्नातून उभं राहिलं.

मी बॅटरीवाला नाही. माझ्याकडे एक मल्टिमीटर आहे, एक चार्जर आहे आणि थोडा हट्ट आहे. घरच्या गाड्यांच्या बाबतीत तेवढ्यावर मला मेकॅनिक समजलं जातं.

बॉनेट उघडून मीटर लावला तर ११.७ व्होल्ट. बारा व्होल्टची बॅटरी, पावणेबारा दाखवतेय, म्हणजे फार काही कमी नाही, असं वाटणं साहजिक आहे. पण हा आकडा तसा वाचायचा नसतो. बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येकाचे साधारण २.१ व्होल्ट, म्हणजे भरलेली बॅटरी काही तास नुसती ठेवल्यावर १२.६ ते १२.७ दाखवते. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे पाव. ११.८ च्या खाली गेली की ती रिकामीच धरायची. तिच्यात सेल्फचा स्विच खेचण्यापुरता जीव उरतो. स्विच खेचला जातो, मोटर करंट मागते, व्होल्टेज कोसळतं, स्विच सुटतो, व्होल्टेज पुन्हा वर येतं, स्विच पुन्हा खेचला जातो. टकटक होते ती यामुळे.

जंपर केबल लावून गाडी चालू केली. लाल आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि तिचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडतेच आणि बॅटरीभोवती हायड्रोजन असू शकतो, म्हणून ते टोक बॅटरीवर लावायचं नाही.

गाडी चालू असताना हेडलाइट आणि ब्लोअर लावून अल्टरनेटरवर, म्हणजे इंजिन चालू असताना वीज तयार करून बॅटरी भरणाऱ्या यंत्रावर, मोजलं तर १४.२ व्होल्ट, बॅटरीच्या पोलवर १४.०. चार्जिंग ठीक होतं. मग मी निगेटिव्हचा क्लॅम्प सहज हातानं हलवला आणि तो फिरला.

हे एका अक्षराचं प्रकरण असावं

क्लॅम्प काढला तर आत पोलला पत्र्याची पट्टी गुंडाळलेली, तीन-चार वेढे. प्लसच्या बाजूलाही तसंच. पट्टीच्या कडेनं पांढरट-हिरवी बुरशी चढलेली. ज्यानं बॅटरी बसवली त्याला केबलचे क्लॅम्प पोलपेक्षा मोठे पडले होते आणि त्यानं पत्रा कापून वेळ निभावली होती.

मालकाच्या पुस्तिकेत मूळ बॅटरीचा नंबर होता ४६बी२४एलएस. नव्या बॅटरीवर छापलेलं ४६बी२४एल. शेवटचा 'एस' गायब. हा जपानी पद्धतीचा नंबर आहे आणि तो एकदा वाचायला शिकलं की कुणी काहीही गळ्यात मारू शकत नाही. सुरुवातीचे ४६ म्हणजे ॲम्पिअर-तास, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप, नव्हेत; ती कामगिरीची श्रेणी आहे. क्षमता २० तासांच्या दरानं ४५ आणि ५ तासांच्या दरानं ३६ ॲम्पिअर-तास असते. सावकाश काढलं तर बॅटरी जास्त देते, घाईनं काढलं तर कमी, म्हणून दोन आकडे. 'बी' म्हणजे पेटीची रुंदी-उंची. २४ म्हणजे लांबी, साधारण २४ सेंटीमीटर. 'एल' म्हणजे पोल आपल्या बाजूला ठेवून बघितलं की मायनस डावीकडे. 'आर' घेतली तर केबल पुरत नाही, आणि पुरली तर कुणीतरी ती उलटी जोडण्याची भीती. शेवटच्या 'एस'चा अर्थ जाड पोल. जाड पोलचा प्लस १९.५ मिलिमीटर आणि मायनस १७.९, बारीक पोलचा प्लस १४.७ आणि मायनस १३. म्हणजे जवळपास पाच मिलिमीटरची पोकळी पत्र्यानं भरलेली होती.

पेटी तीच, ट्रेमध्ये चपखल बसलेली, झाकण लावल्यावर काही कळायचं नाही. दुकानात बॅटरी 'तुमच्या गाडीला बसते' असं सांगतात तेव्हा बहुतेक वेळा पेटी बसते एवढाच अर्थ असतो.

ताईला सेल्फ मारायला लावून मी मीटरचं एक टोक पोलवर आणि दुसरं त्याच्याच क्लॅम्पवर धरलं. एकमेकांना चिकटलेल्या दोन धातूंमध्ये काहीच फरक दिसायला नको, फार तर एक दशांश व्होल्टच्या आत. इथे ०.८ व्होल्ट त्या पत्र्यातच हरवत होते.

सापडलं म्हणून मी हरखलो. पत्रा काढला, क्लॅम्प आणि पोल खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यानं धुतले, तारेच्या ब्रशनं चकचकीत केले, बारीक पोलवर चढवायच्या शिशाच्या तयार टोप्या आणून बसवल्या. बॅटरी घरी नेऊन रात्रभर चार्ज केली. ताईला सांगितलं, "झालं. आता बघ."

सोळा दिवसांनी पुन्हा टकटक.

ताईचा सिद्धांत

"तुला सांगू का," ताई म्हणाली, "मी आईकडे आले नाही की ही रुसते." घरात हा विनोद महिनाभर चालू होता. ताई एरवी रविवारी गाडीनं आईकडे येते, जाऊन-येऊन दोन तासांचा रस्ता. त्या महिन्यात दोन रविवार चुकले. आधीच्या वेळी काय झालं होतं ते विचारलं तर तेव्हाही भाच्याच्या परीक्षेमुळे रविवार चुकलेले. मी त्या विनोदावर हसलो आणि मग हसू थांबवून कागद घेतला.

सैल क्लॅम्पमुळे सेल्फ अडखळतो हे खरं, पण बॅटरी रिकामी होत नाही. पत्र्यात ०.८ व्होल्ट हरवले ते सेल्फच्या शंभर-दीडशे ॲम्पिअरवर. चार्जिंगच्या दहा-वीस ॲम्पिअरला त्याच जोडात एक दशांश इकडेतिकडे. हे गणित मला पहिल्याच दिवशी मांडता आलं असतं. दोष सापडला होता, पण तो या दुखण्याचा नव्हता, आणि दिसणारा दोष मिळाला की माणूस शोधायचं थांबतो.

मग बॅटरी जाते कुठे? सेल्फ मारण्यात जाते, असं बरेच जण समजतात. दीडशे ॲम्पिअर एक सेकंद म्हणजे ०.०४ ॲम्पिअर-तास. दिवसातून चार वेळा मारला तरी पाव ॲम्पिअर-तासही होत नाही. ताईचा रोजचा प्रवास शाळा आणि परत, दहा-दहा मिनिटांच्या दोन फेऱ्या. सढळ हातानं सरासरी १५ ॲम्पिअर धरले तर वीस मिनिटांत ५ ॲम्पिअर-तास आत जातात. रोजचा खर्च त्याहून जास्त असेल तरच ही बॅटरी उतरणार. म्हणजे बंद गाडी करंट खात होती.

बंद गाडी थोडं खातेच. घड्याळ, अलार्म, संगणकांची स्मृती. २० ते ५० मिलिअँपिअर ठीक समजतात. मोजायची रीत साधी पण संयमाची. निगेटिव्ह क्लॅम्प सोडवून क्लॅम्प आणि पोल यांच्या मध्ये मीटर, दहा ॲम्पिअरच्या खोबणीत. अशा वेळी चुकूनही सेल्फ मारायचा नाही, मीटरचा फ्यूज जागीच जातो. सुरुवातीला मीटर साडेतीन ॲम्पिअर दाखवत होता. घाबरायचं नाही, गाडीतले संगणक तेव्हा जागे असतात. ते एकेक करून झोपतात, आकडा पायऱ्या-पायऱ्यांनी उतरतो. काही गाड्यांना पंधरा मिनिटं लागतात, काहींना चाळीस. मी बाहेर स्टूल टाकून बसलो. चाळीस मिनिटांनी आकडा ०.२९ वर येऊन थांबला आणि तिथून हलेना.

०.२९ ॲम्पिअर, चोवीस तास. ७ ॲम्पिअर-तास.

आत येतात ५, बाहेर जातात ७. सोमवार ते शुक्रवार रोज दोनचा तोटा, म्हणजे १०. शनिवारी गाडी जागची हलत नाही, आणखी ७. आठवड्याची वजाबाकी १७. रविवारी आईकडे दोन तास, बॅटरी हळूहळू बरीचशी भरून निघते. तो रविवार चुकला की त्या दिवसाचेही ७ जातात आणि पुढच्या आठवड्याचे १७ वर चढतात. ४५ मधून ४१ गेले. ताईचा सिद्धांत दशांशापर्यंत बरोबर होता.

आता फ्यूज. मी आतल्या फ्यूजपेटीसाठी दार उघडलं आणि आकडा पुन्हा दोन ॲम्पिअरवर, सगळे संगणक दचकून जागे. पुन्हा चाळीस मिनिटं. दुसऱ्यांदा दार उघडंच ठेवलं, पण दाराचं कुलूप स्क्रूड्रायव्हरनं आत ढकलून गाडीला दार बंद असल्याचं पटवून दिलं. एकेक फ्यूज काढत गेलो. अकराव्याला आकडा धाडकन ०.०३ वर.

त्या फ्यूजच्या जागी एक जोड खोचलेला होता आणि त्यातून निघालेली बारीक काळी वायर छताच्या अस्तरातून आरशामागच्या कॅमेऱ्याकडे गेली होती. हा कॅमेरा भाच्यानं बसवला होता. गाडी उभी असतानाही चित्रण चालू राहावं म्हणून कायम करंट असलेला फ्यूज त्यानं मुद्दाम निवडला होता. वायरवरच्या डबीत एक छोटा स्विच होता, बॅटरी किती उतरली की कॅमेऱ्यानं थांबायचं ते ठरवणारा. तो ११.६ वर होता. कॅमेरा इमानदारीनं ११.६ पर्यंत बॅटरी पिऊन थांबायचा, भार सुटल्यावर व्होल्टेज जरासं वर यायचं. पहिल्या दिवशी मीटरवर दिसलेले ११.७ असे आले होते.

"कॅमेरा कधी बसवलास?" भाच्यानं फोनमधला पहिला व्हिडिओ काढून तारीख दाखवली. जुनी बॅटरी बसली त्याच्या सात आठवडे आधीची. साडेचार वर्षांची ती बॅटरी वयानं गेली असेलही, पण तिला शेवटचे सात आठवडे कुणी धड जगू दिलं नव्हतं. तिच्या जागी आलेल्या नव्या बॅटरीच्या वाट्याला पहिल्या दिवसापासून तेच.

वाचवावी की बदलावी

कॅमेऱ्याची वायर काढली, बॅटरी साडेचार ॲम्पिअरवर, म्हणजे क्षमतेच्या दहाव्या भागावर, रात्रभर आणि वर अर्धा दिवस चार्ज केली. बारा तास नुसती ठेवली. १२.४५. पूर्ण चार्जरवरून उतरलेल्या तीन महिन्यांच्या बॅटरीनं १२.६ च्या पुढे असायला हवं होतं.

१८५९ मध्ये गास्तों प्लांते यानं ही बॅटरी केली तेव्हापासून तिची रसायनं तीच आहेत: शिसं, शिशाचा ऑक्साइड आणि पातळ सल्फ्युरिक ॲसिड. बॅटरी उतरते तेव्हा प्लेटांवर लेड सल्फेट बसतं, चार्ज झाली की विरघळून जातं. पण उतरलेल्या अवस्थेत आठवडे काढले की सल्फेटचे खडे मोठे आणि घट्ट होतात आणि मग चार्जरलाही दाद देत नाहीत. तेवढी प्लेट कायमची गेली. म्हणून सेल्फ लागण्यापुरती बॅटरी शिल्लक आहे ना, हा विचार पुरेसा नाही. अर्धी भरलेली बॅटरीही रोज थोडी थोडी मरत असते. भाच्यानं विचारलं होतं, स्विच १२.२ वर ठेवला तर चालेल का. गाडी सुरू होत राहील, पण बॅटरी कायम निम्म्यावर राहील. नाही चालणार.

या बॅटरीला स्क्रूची झाकणं होती, त्यामुळे ॲसिडची घनता मोजणारा हायड्रोमीटर बुडवता आला. भरलेल्या सेलमध्ये ॲसिडची घनता १.२६५ ते १.२८० असते. पाच सेल १.२४० ते १.२५० च्या दरम्यान होते आणि प्लसकडून तिसरा १.१९०. सेलांमध्ये ०.०५० चा फरक पडला की तो सेल गेला समजतात. ज्या बॅटऱ्यांना झाकणं नसतात त्यांना एक हिरवा डोळा दिलेला असतो, पण तो सहांपैकी एकाच सेलमध्ये बघतो. आमचा तिसरा सेल त्याला दिसलाही नसता. शेवटी भार-चाचणी: लेबलवरच्या सीसीए आकड्याच्या, म्हणजे कडाक्याच्या थंडीत बॅटरी सेल्फसाठी देऊ शकेल त्या करंटच्या, निम्मा भार १५ सेकंद. साधारण २० अंश तापमानाला व्होल्टेज ९.६ च्या खाली उतरू नये. ते ९.१ वर आलं.

ताईचं म्हणणं, वॉरंटी आहे, बदलून मागू. दुकानानं नकार दिला, आणि पत्र्याच्या बाबतीत माझं त्यांच्याशी वाजलं असलं तरी नकाराच्या बाबतीत मी त्यांच्या बाजूचा होतो. बॅटरीत दोष नव्हता. आपणच ती उपाशी मारली होती.

दुसरी निवड

"या वेळी मोठीच घे, म्हणजे कटकट नको." हा ताईचाच नाही, बहुतेकांचा पहिला विचार. मोठ्या बॅटरीनं अल्टरनेटर जळतो किंवा गाडीला जास्त करंट बसतो ही भीती खोटी आहे. बारा व्होल्ट ते बारा व्होल्ट, गाडी मागेल तेवढाच करंट घेते. पण चोर घरात असताना मोठी तिजोरी घेऊन काय करणार? ४५ च्या जागी ६० घेतली असती तर बॅटरी आणखी आठवडाभर उशिरा बसली असती. शिवाय ट्रेमध्ये न मावणारी पेटी पट्ट्याविना नुसती ठेवली जाते, आणि खड्ड्यांत हादरणाऱ्या बॅटरीच्या प्लेटांवरचा लगदा गळून तळाशी साचतो. हे मरणही हळूच येतं.

ईएफबी आणि एजीएम या सुधारित, महागड्या प्रकारच्या बॅटऱ्यांचाही विचार केला. सिग्नलला आपोआप इंजिन बंद होणाऱ्या गाड्यांसाठी त्या असतात आणि अर्धवट चार्जमध्ये साध्या बॅटरीपेक्षा बऱ्या टिकतात. अशी गाडी असेल तर तिला साधी बॅटरी घालून पैसे वाचवू नयेत, ती लवकरच मान टाकते. काही गाड्यांत निगेटिव्ह क्लॅम्पवर सेन्सर असतो आणि नवी बॅटरी टाकल्याचं गाडीला स्कॅनरनं सांगावंही लागतं. ताईच्या गाडीत यातलं काही नाही. एजीएमसाठी जास्त पैसे मोजून ती इंजिनच्या धगीत ठेवणं मला पटलं नाही. उष्णतेबद्दलचा ढोबळ हिशेब असा, की तापमान १० अंशांनी वाढलं की बॅटरीचं आयुष्य निम्म्यावर येतं. थंडीत बॅटरी बसते तेव्हा दोष थंडीला देतात, पण तिला पोखरलेलं असतं उन्हाळ्यानं.

तर साधीच, ४६बी२४एलएस, 'एस'सकट. काउंटरवर मी दोन गोष्टींसाठी अडून बसलो. एक, कारखान्याची तारीख. शेल्फवर बॅटरी आपोआप उतरत राहते आणि सहा महिने न चार्ज होता पडलेली बॅटरी नवी नसते, फक्त न वापरलेली असते. दोन, मीटर. पहिली काढली ती १२.३८. परत ठेवायला लावली. दुसरी १२.६८, सात आठवड्यांपूर्वीची. दुकानदारानं मीटर खिशात ठेवून आलेल्या गिऱ्हाइकाकडे बघायची ती नजर दिली.

बसवताना मायनस आधी काढायचा आणि शेवटी लावायचा. मायनस जोडलेला असताना प्लसवरचा पाना गाडीच्या पत्र्याला टेकला तर पाना लाल होतो, आधी मायनस काढला तर काही होत नाही. ट्रे सोड्यानं धुतला, पट्टा आवळला, क्लॅम्प हातोडीनं न ठोकता खालपर्यंत दाबून दहाच्या पान्यानं कसले, आणि कसून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली. घड्याळ लावावं लागलं, ड्रायव्हरची काच आपोआप वर जाणं विसरली होती, ती पूर्ण वर नेऊन स्विच धरून ठेवल्यावर आठवलं. इंजिनचा आयडल, म्हणजे गाडी जागेवर उभी असतानाचा वेग, तोही पहिली दहा मिनिटं वर-खाली होत होता.

कॅमेरा आता किल्लीबरोबर चालू-बंद होणाऱ्या फ्यूजवर आहे. गाडीचा स्वतःचा खर्च ३० मिलिअँपिअर, दिवसाला पाऊण ॲम्पिअर-तासही नाही, त्यामुळे शाळेच्या दोन फेऱ्या पुरून उरतात. तरी महिन्यातून एकदा ताई रात्रभर चार्जर लावते. दर तीन महिन्यांनी झाकणं उघडून पातळी बघायची, कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर, आणि तेही चार्ज झाल्यावर, कारण चार्ज होताना पातळी वर येते आणि आधी भरलं तर ॲसिड बाहेर सांडतं. नळाचं पाणी नाही, ॲसिड तर मुळीच नाही.

बॉनेटच्या आतल्या बाजूला मी मार्करनं बॅटरीचा नंबर लिहून ठेवलाय, 'एस'खाली दोन रेघा मारून. त्याखाली ताईच्या अक्षरात आकडे: १२.६५, १२.६१, १२.६३. चौथा, १२.५८, सलग तीन रविवार चुकल्यानंतरच्या सोमवारचा. त्या सकाळी सेल्फ पहिल्या झटक्यात लागला आणि फोन आला तो आईचा, ताई का येत नाही म्हणून.